काय म्हणजे दूर

काय म्हणजे कोंबडी.
त्यासाठी आवाज सपाट ठेवायचा, ताटलीतल्या पाण्यासारखा.
वरून खाली सोडला तर काय म्हणजे जवळ.
खालून चढवत नेला की काय म्हणजे दूर.
खू वियेंगखाम हाताने हवेत जिने काढतात
आणि मी मागून म्हणत राहते, काय, काय, काय.
अठ्ठावन्न वर्षं ज्या शब्दाने नुसते प्रश्न विचारले
त्यानेच आता अंतर मोजायला शिकते आहे.

खू म्हणजे गुरूच.
हा एक शब्द पहिल्या दिवशीच ओळखीचा निघाला,
परक्या बसस्थानकावर शाळेतली मैत्रीण दिसावी तसा.

तीन आठवडे तयारीचे. मग बान नाथोंग.
पिक-अपने पाच तास आणि ओढ्यापासून पायी.
तिथे वीस-बावीस माणसं येतील, नवे पाय बसवलेली,
आणि मी त्यांना चालायला शिकवीन
असं कागदावर लिहिलं आहे. खाली माझी सही आहे.

लाओसमध्ये इतकी थंडी असते, हे कुणी बोललं नव्हतं.
सुती कुडते बॅगेच्या तळाशी गेले.
घरमालकीण मे तानोय मला सिन नेसवते,
कमरेशी घडी मारते, मागे सरून बघते,
मान हलवते, पुन्हा सोडते.
जन्मभर साडी नेसलेल्या बाईला
एवढी एक घडी जमत नाही.

तिच्या अंगणात लोखंडी कुंडी आहे, लांबट,
पडावासारखी, त्यात कांद्याची पात.
मी हात लावून विचारलं, हे कशाचं?
बॉम्बचं, ती म्हणाली,
आणि रात्रीच्या सूपपुरती पात खुडून आत गेली.

शुक्रवारी खू वियेंगखामनी सरावाला त्यांचे मामा आणले.
लुंग सिफान. डावा पाय गुडघ्याखाली स्वतः केलेला,
लाकूड, ॲल्युमिनियमचा पत्रा, टायरचा पट्टा.
पट्ट्याची भोकं वाढवत नेलेली,
मांडी दरवर्षी थोडी बारीक झाली असणार.
मी कोनमापक काढला. वाक्य पाठ होतं:
गुडघा दुखतो का?

खाओ सपाट म्हटलं तर गुडघा.
उतरतं म्हटलं तर भात.
माझं उतरलं.
भात दुखतो का, मी विचारलं.

खू वियेंगखाम घाईने वहीत बघू लागल्या.
लुंग सिफान हसले नाहीत.
जरा विचार केला, आणि मग मला कळावं म्हणून
एकेक शब्द वेगळा ठेवत म्हणाले,
हो. ओढ्याकडच्या कोपऱ्यात.
तिथे अजून कुणी खणत नाही.
माणसं आली होती, लाल खुंट्या ठोकून गेली,
पुढच्या वर्षी येतो म्हणाली.
बाकी शेतात बरं आहे.

कोनमापक माझ्या हातात तसाच, नव्वदवर.

तुम्ही किती दिवस?
तीन महिने. मी बोटं दाखवली.
हा करायला चार लागले, ते म्हणाले,
आणि पायावर टिचकी मारली.
तक्रार नव्हती. कापडाचा भाव सांगावा
तसं सांगितलं. मग उठले,
जिन्याच्या सात पायऱ्या कठडा न धरता उतरले,
आणि खाली पोचल्यावर वळून बघितलं
मी उतरते आहे का ते.
मी सिन दोन्ही हातांनी उचलून उतरत होते.

रात्री बॅग पुन्हा भरली.
रबरी पट्टे, मोजपट्टी, लोकरीचे मोजे दोन जोड.
इंग्रजी तक्त्यांचं बाड बाहेर काढलं,
मग पुन्हा आत ठेवलं. धीर झाला नाही.

मुलीचा फोन आला. रेंज तुटत होती.
आई, ते गाव तिथून किती लांब आहे?
काय, मी म्हणाले.
अगं, किती लांब, ती ओरडली.
काय, मी पुन्हा म्हणाले,
आणि या वेळी कुठला सूर लागला
ते सांगायला खू वियेंगखाम तिथे नव्हत्या.