उघाडी

वर जाड निळी पट्टी, तिथून वीज येते.
खाली दुसरी, तिथं उतरते.
मधे हिरवे दोन वाफे, आणि दोन्हींना आडवी छेदत गेलेली
एकच तांबडी रेघ.
तांबडं जिथं हिरव्यावरून जातं
तिथं, आणि फक्त तिथंच, ट्रान्झिस्टर होतो.
वेगळा काढावा लागत नाही.

साडेदहा वाजलेत. खारेपाटात आज लाईट आहे.
ओटीवर मी, लॅपटॉप,
आणि फोन चार्जिंगला लावून बसलेला जोमा म्हात्रे,
बांधाची उघाडी ज्याच्याकडे.
"ह्या काय? शेतांचा नकाशा?"
तसाच, म्हटलं. हा सोर्स, ही खाडी समजा.
हा ड्रेन, हे शेत. मधली पट्टी कोरडी. वर गेट.
"म्हंजे उघाडी."
हो, म्हणाले मी, आणि तिथंच चुकले.

कारण त्यानं लगेच विचारलं,
फली पान्यात किती उतरते?
उतरत नाही. शिवतच नाही.
मधे काचेचा पापुद्रा, काही अणूंएवढा,
वाळूच्याच कुळातला.
त्याच्या अलीकडं गेट नुसतं उभं.
जोमा हसला. पाण्याला न शिवणारी उघाडी
त्यानं साठ वर्षांत पाहिली नव्हती.

अडवत नाही हो, बोलावते.
मुळात सगळं बंद. गेटवर थोडा दाब चढवला,
काही नाही.
आणखी थोडा, तर मातीत विखुरलेले कण
पापुद्र्याच्या खालच्या अंगाला सरकू लागतात.
एक उंबरठा ओलांडला
की त्यांची पातळ चादर होते,
टोकाला टोक भिडतं
आणि वाहतं.
दाब काढला की चादर विरते.

जोमा बराच वेळ बोलला नाही.
मग बांधाकडे बघत म्हणाला,
"मंग ती उघाडी नाय, पोरी. तो चांद हाय.
अष्टमीला भांग, पानी खाजणात मधेच थकतं.
पुनवेला उधान, इकडचं तिकडं मिलतं.
चांद कुठं शिवतो पान्याला?"

बारा वर्षं मी हे काढते आहे.
फील्ड इफेक्टमधल्या फील्डला शेत म्हणून
आम्ही वर्गात हसायचो.

मग त्याला जोडी दाखवली.
वरचा उलट्या जातीचा, रेघ तीच,
एक उघडला की दुसरा मिटतो.
"आन् दोनी उघडलं त?"
वीज वरून सरळ खाली. फुकट.
"भातात खारं पानी," तो म्हणाला.
"आन् मिटलेला पुरता मिटतो?"
नाही. पाझरतो.
जितका लहान काढू तितका जास्त.
हे समजवावं लागलं नाही.
"चिंबोऱ्या," म्हणाला.
कितीही चोपा, बांधात बिळं असतातच.

फोन बहात्तर टक्के. एकला भरती.
टॉर्च घेऊन तो निघाला, दक्षिणेकडचं एक बीळ
कालपासून बुजवायचं राहिलं होतं.

मी परत स्क्रीनकडं वळले.
दोन निळ्या तारा एकमेकींच्या फार जवळ,
नियमापेक्षा चार नॅनोमीटर.
एक सरकवली.
पलीकडं नवी चूक उमटली.
दूर बांधावर टॉर्च थांबला,
मग खाली वाकला.