वाजनं का?

फेब्रुवारीत दोंडाईच्याची हवाच मिरचीची,
म्हणून शटर अर्धं खाली.
ब्लॉकला दहा भोकं, आटे टॅप मारून साफ.
तळाशी तेल साचलेलं राहिलं तर बीड तडकतं;
उखर्डू मिस्त्री प्रत्येकात चिंधी फिरवतात,
बाहेर काढून हुंगतात.

स्टड हातानंच.
टेकला की सोडायचा. जोर नंतरचा.
दोन भोकं थेट पाण्याच्या पोटात उघडतात,
त्यांना शेलॅक.

मग गॅस्केट, हेड, वॉशर, नट.
कळण्याची भाकर थापतात तसं
मधून कडेकडे.
चाळीस. पुन्हा फिरून सत्तर. शंभर.

तीस वर्षं त्यांनी मनगटावर कसलं सगळं.
हा टॉर्क पाना माझ्या भिशीतला,
त्याला ते बरावाईट काही म्हणाले नाहीत.

शंभरावर तो बारीक वाजतो,
हरभऱ्याचा घाटा फुटावा तसा.
"वाजनं का?" दर वेळी विचारतात.
इंजिनांनी कान नेले.
घरी अजून सांगितलेलं नाही.

सातव्या नटाला
त्यांनी माझ्या कोपरावर तळवा ठेवला.
मी पाना ओढला,
आणि माझ्याआधी तेच म्हणाले,
"वाजनं."

उरलेले तीन तसेच.
शटरखालून मिरची आली,
दोघं शिंकलो.