किल्लीची जागा

दर पाच वर्षांनी मॅकऑली येतो
सकाळच्या बोटीने, काखेत फाइल.
बूट दारातच पुसतो, बराच वेळ,
जणू चिखल हाही एक गुन्हा.

जिन्याखालचं लोखंडी कपाट
दोन्ही हातांनी ओढून बघतो. हलत नाही.
चार बोल्ट, दगडात खोल गेलेले.
टॉर्किलने ते ठोकले त्या दिवशी
पलीकडच्या खोलीत आमच्या लग्नाचा फोटो
खिळ्यावरून खाली आला होता.

रायफल एक. शॉटगन एक.
मॅकऑली नंबर वाचतो, टॉर्किल हं म्हणतो.
काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात.
बंदूक आणि गोळी एका छपराखाली नांदल्या तर चालतं,
एका दाराआड नाही.

मग तो प्रश्न. पेनाचं टोपण काढून.
"किल्ली कुठे असते, आणखी कुणाला ठाऊक आहे?"
"कुणालाही नाही."
"मिसेस मॅकऑस्किल?"
"मला काय करायचीय बंदूक," मी म्हणते,
"रानहंस उडवायला मला ताटली-चमचा पुरतो."
तो हसतो. चौकटीत खूण करतो. बिस्किट घेतो.

एकतीस वर्षं मी हे उत्तर देते आहे.
किल्ली बॅरोमीटरच्या पाठीत असते.
जी बाई घर पुसते
तिच्यापासून घरात काय लपणार?
कायदा लिहिणाऱ्यांनी
कधी फडकं हातात धरलं नसावं.

आणि तो एक हिवाळा.
काही झालं नव्हतं. मेंढ्या ठीक होत्या,
छप्पर शाबूत, मुलगी रविवारी ग्लासगोहून फोन करायची.
फक्त टॉर्किल बॅरोमीटरला टिचकी मारेनासा झाला.
बशी अर्धी ठेवून
जिन्याकडे बघत बसायचा.

एका रात्री मी किल्ली काढली
आणि ओटच्या पिठाच्या डब्यात तळाशी पुरली.

तिसऱ्या पहाटे आवाज आला. बॅरोमीटर भिंतीवर आपटल्याचा.
मग ड्रॉवर. कोटाचे खिसे. पुन्हा बॅरोमीटर.
मी चुलीपाशी, पाठमोरी, त्याच पिठाची लापशी ढवळत.
तो येऊन दारात उभा राहिला.

विचारलं असतं, तर काय शोधतोय ते मला कळलं असतं.
सांगितलं असतं, तर मला ठाऊक होतं हे त्याला.
आणि कायद्याने मला ठाऊक नव्हतं.
लापशी फदफदत राहिली.
"मीठ घातलंस?" तो म्हणाला.
"घातलंय."

दोघांनी उभ्याउभ्याच खाल्लं.
बाहेर सबंध शेतभर रानहंस उतरले होते,
कोवळं पीक कातरत.
कुणी उडवले नाहीत.

एप्रिलमध्ये कधीतरी टिचकी ऐकू आली.
"वारा फिरतोय," तो स्वतःशीच म्हणाला.
त्या रात्री किल्ली धुतली, पुसली, होती तिथे ठेवली.
दात्यांत थोडं पीठ राहिलं असेल. राहिलंच असणार.
माझ्या हातचं पुसणं त्याला ठाऊक आहे.
त्याने जागा बदलली नाही.

मॅकऑली फाइल मिटतो, टोपी चढवतो,
भिंतीकडे बघत विचारतो, "परतीची बोट सुटेल ना?"
टॉर्किल सवयीने टिचकी मारतो.
आत काहीतरी बारीक खणखणतं.

आम्ही दोघं एकदम खोकतो.