ठसा

मात्सुएतली शनिवारची सकाळ. तलावावर धुकं,
आणि मिठाईच्या जुन्या दुकानाच्या माडीवर
आम्ही सहा जण, डोक्याला पांढरी फडकी बांधून.
अंगठ्या काढून एका बशीत.

कागेयामाबाई म्हणाल्या, हात धुवा.
धुतले.
म्हणाल्या, पुन्हा.

समोर ओल्या कापडाखाली दोन गोळे.
एक पांढऱ्या घेवड्याचा, साखरेत आटवून घोटलेला,
दाबला तर कानाच्या पाळीसारखा.
दुसरा अझुकीच्या काळपट सारणाचा, वीस ग्रॅम.
"पारी तळहातावर थापा. सारण ठेवा.
आता ढकलू नका. हात फिरवत राहा,
ती आपणहून वर चढते."

माझी चढली, पहिल्याच फेरीत.
त्यात कौतुक नाही. एकतीस वर्षं मी
दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवते.
मेण, प्लास्टर, चिनी माती,
मिलिमीटरच्या दहाव्या भागाशी रोजचं भांडण.
या गावातली अर्धी म्हातारी माणसं
माझ्या हातचे दात लावून हसतात
आणि रस्त्यात मला ओळखत नाहीत.

शेजारी फुकुमा, बसचालक. तांबूस, रुंद पंजे.
त्यांची पारी फाटली, सारण बाहेर डोकावलं.
त्यांनी वाकून गोळ्याची माफी मागितली.
पलीकडे मिनोरी, इयत्ता पाचवी.
कडा नीट करायच्या म्हणून चिमूट चिमूट खात गेली,
तिची शेवंती शेवटी बोराएवढी उरली.

मग तिकोनी लाकडी पट्टी.
माथ्यापासून बुडापर्यंत एकेक चीर.
मी श्वास धरून ठेवला.
चोवीस पाकळ्या. हवं तर मोजा,
मी मोजल्या होत्या.

बाईंनी ती तळहातावर घेतली, उजेडात फिरवली,
बराच वेळ.
"निर्दोष आहे."
मी मान लववली.
"फक्त, हिला तोंडात कोण घालेल?"

आणि फुकुमांची उचलली. एका अंगाला कललेली,
तीन पाकळ्या एकमेकींत मिसळलेल्या.
"ही बघा. हिच्यावरून आत्ताच वारा गेलाय."
फुकुमा कानापर्यंत लाल.

राग आला, खोटं कशाला सांगू.
दुसरी मी वाकडी केली.
पट्टी सैल धरली, एक चीर सोडून दिली,
अंगठा जरा जास्त दाबला.
पण मुद्दाम वाकडं केलेलं मुद्दामच दिसतं.
बाई काही बोलल्या नाहीत.
तिच्यावर ओलं कापड ओढलं त्यांनी,
जसं पाहुण्यांसमोर
घरातल्या कुणाचं तरी वाक्य हळूच आवरावं.

चहा आला. हिरवा, फेसाळ, कडू.
आधी गोड, मग चहा, असा नियम.
कापायला सालीसकट तासलेली काडी दिली होती.
मिनोरीने काडी बाजूला ठेवली आणि सरळ चावा घेतला.
का कोण जाणे, मीही घेतला.
त्या पहिलीचाच. निर्दोषचा.

गोड फार नव्हती. घेवडा आधी विरघळला,
अझुकी मागे रेंगाळली.
मग बशीकडे पाहिलं,
आणि सवयीने वाचू लागले:
पांढऱ्यातून काळ्यात उतरलेली एक ओळ,
खालची, डावीकडून दुसरा दात तिरपा,
शेजाऱ्याच्या खांद्यावर चढलेला.

बारा वर्षांची होते तेव्हा आई म्हणाली होती,
पुढच्या वर्षी तार लावू.
पुढचं वर्ष आलं, त्याच्या पुढचंही आलं.
मग मी तोंड मिटून हसायला शिकले
आणि लोकांचे दात सरळ करायला.
असा साचा माझ्या टेबलावर आला असता
तर लाल पेन्सिलीने शेरा लिहिला असता.

पाकळ्या किती शिल्लक, मोजलं नाही.

बाई बशा गोळा करत आल्या.
मी माझ्या बशीवर हात आडवा धरला.
थांबा, म्हटलं,
माझं बघून व्हायचंय अजून.