बुडीत खातं

लीड्सच्या बँकेत मी बुडीत खात्यांवर होते,
नऊ वर्षं.
कुणाचं किती बुडालं ते सांगायचा पगार घ्यायचे,
स्वतः ठणठणीत कोरडी.

मग एका जानेवारीत स्वयंपाकघरातल्या टेबलावर
तीन बेटं मांडली,
आई स्थळं मांडायची तशी.
पहिलं ऊबदार, पाणी अठ्ठावीस अंश, रंगीत मासे,
सहा आठवड्यांत प्रशिक्षक करून देतो म्हणाले.
फोनवरचा मुलगा श्वास न घेता बोलत होता.
पाण्याखाली श्वास रोखायचा नाही
हा पहिलाच धडा ना यांचा?
दुसऱ्याने आगाऊ रक्कम मागितली,
दोन दिवसांनी पुन्हा मागितली.
वसुलीतली बाई मी, ओळखते तो गोड आवाज.

तिसरीकडे फोन बराच वेळ वाजत राहिला.
थोरा इस्बिस्टरने उचलला तेव्हा ती काहीतरी चावत होती.
"ये की. एप्रिलात ये, नाहीतर मेमध्ये.
वारा असला तर बसून राहू."
किती दिवस लागतील?
"तुला लागतील तेवढे."
पाणी आठ अंश, हेही तिनंच सांगितलं,
मी विचारायच्या आधी.

सावकाराच्या पेढीवरची मी
सावकाश शिकायला ऑर्कनीला आले.

स्ट्रॉमनेसला रस्ता तसा एकच, दगडी फरशांचा.
दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने मागं जायचं,
त्याआधी काचा खाली करून
आजारपणं, मेंढ्या, कुणाचं लग्न, सगळं होतं.
दोराच्या दुकानावर पाटी, "आलोच".
मंगळवारपासून आहे.
पहिला आठवडा मी घड्याळ बघत धक्क्यावर येरझारा घातल्या.
दुसऱ्यात घड्याळ खोलीवरच राहिलं.

पण बोटीवर पाय ठेवला की थोरा वेगळी.
"काटा वाच. किती? पुन्हा वाच."
आठ अंशांत अकरा वेळा मास्क काढायला लावला,
कपाळात खिळा ठोकल्यासारखी थंडी,
बाराव्यांदा मी न घाबरता काढला
तेव्हा फक्त म्हणाली, "सूप कुणी करायचंय आज?"
सिलिंडर भरणं, उचलणं, लोकांचे ओले सूट उलटे टांगणं,
पहिल्या हंगामात जेवण आणि पलंग,
दुसऱ्यात पगार,
जो बँकेच्या दिवाळी बोनसइतकाही नव्हता
(आमच्या बँकेत दिवाळीच नव्हती, ते सोडा).

खाली जहाजं आहेत. शंभर वर्षांपूर्वी
त्यांच्याच खलाशांनी झडपा उघडून बुडवलेली.
पुष्कळशी लोकांनी वर काढून भंगारात विकली,
उरलेली पडून, काही पार उलटी.
हिरव्या अंधारात बोयाचा दोर धरून उतरत जावं
तर आधी काहीच नाही,
मग एकदम भिंत, जी भिंत नसून पोट असतं.
माझ्या हातातल्या दिव्यात
तोफेच्या तोंडाशी एक खेकडा, पाय पोटाशी घेऊन.
नऊ वर्षांत पहिल्यांदा
बुडीत काहीतरी हाताने चाचपलं.

ऑगस्टात मी माझा पहिला पाहुणा खाली नेला,
कॉव्हेंट्रीचा दातांचा डॉक्टर, हात थरथरत होते.
त्याचं मनगट धरलं, तळहात आडवा करून खाली दाबला.
सावकाश.
त्याच्या बुडबुड्यांमधलं अंतर वाढेपर्यंत
तिथंच, दोघं, दहा मीटरवर.

रात्री साडेनऊलाही उजेड होता. मामाला फोन केला.
बार्शीला यानंच पाठीला डबा बांधून
मला विहिरीत ढकललं होतं, सात वर्षांची असताना.
म्हटलं, मामा, आता पुन्हा पाठीला डबा आहे,
फक्त तो बुडायला लागतो.
तो जरा वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "आणि दोर कुणाच्या हातात आहे गं?"

मी खिडकीतून पाहिलं.
थोरा धक्क्यावर बसली होती, कुणाशी तरी बोलत,
मांडीवर ओल्या दोराचं भलंमोठं गुंतवळ.
बोटं चालली होती,
घाई मात्र कसलीच नव्हती.