वादी कबीर, पहाटे सव्वापाच

ऑगस्टात इथं इंजिन थंडच होत नाही,
म्हणून गाडी रात्रभर गॅरेजात ठेवून घेतली.
मालक, सूरचे शाळामास्तर, कुरकुरले:
आवाज येतोच कुठे?

तो येतो फक्त तीन सेकंद,
पहिल्या स्टार्टला. डब्यात खिळे हलवावेत तसा.
मग तेल वर चढतं
आणि इंजिन साळसूद होऊन जातं.

हुरजूकचाचांना आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत.
कबूल करत नाहीत.
लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कव्हरला टेकवतात,
मूठ दातांत धरतात
आणि मला बोटानं खुणावतात: मार.
"चेन," म्हणाले, दातांतूनच.

उघडण्यात दुपार झाली.
टेन्शनर पार बाहेर आलेला, जीभ काढल्यासारखा.
सम्पमध्ये गाइडचे तपकिरी तुकडे,
फुटक्या चिंचोक्यांसारखे.
जुनी चेन नव्या चेनशेजारी एकाच खिळ्याला टांगली:
फरक नखाएवढा.
मास्तर बघतच राहिले. एवढ्यासाठी?
एवढ्यासाठीच.

तांबूस कड्या ठिपक्यांवर बसवल्या.
चावी माझ्या हातात होती, चाचा म्हणाले, थांब.
आधी हातानं दोन पूर्ण फेरे.
अडलं तर तिथंच थांबायचं, जोर करायचा नाही.
मी पाना धरला. पहिला फेरा.
दुसरा.
कुठंच अडलं नाही.

रात्र गेली. पुन्हा बांग, पुन्हा स्टार्ट.
चाचा माझ्याकडे बघत होते, इंजिनाकडे नाही.
"काय?"
मी म्हटलं, काही नाही.
त्यांनी तरी मूठ दातांत धरलीच.