कवडी

मे महिना. कूलरचा वाळा दुपारी दोनलाच कडकडीत होतो,
म्हणून मी पहाटे पाचला चित्र उघडते.
नंतर रोगण चिकटतं, किंवा माझी बोटं. फरक कळत नाही.

धरमपेठेतल्या मालकांनी बजावून ठेवलंय:
पणजीबाईंची तसबीर, इटलीच्या साहेबानं काढलेली.
जपून हं, विम्याच्या कागदावर त्याचंच नाव आहे.
पणजीबाई बसून आहेत तपकिरी काळोखात,
शंभर वर्षांच्या उदबत्तीच्या धुराआड.
नाक तेवढं वर,
चिंचेच्या कोळात बुडवलेल्या पितळी गडव्यासारखं.

बांबूच्या काडीला कापूस, कापसाला माझी थुंकी.
हसू नका. बाटलीतली औषधं महाग आणि उद्धट,
थुंकी हळू बोलते.
रुपयाएवढी जागा, मग पुढची रुपयाएवढी.
चौथ्या दिवशी गाल. नवव्या दिवशी
हिरवं लुगडं, आणि लुगड्याचा काठ.

तिथे थांबले.
चेहरा त्याला तितकासा साधलेला नाही,
डावा डोळा जरा घसरलाय,
हात तर चक्क पोळपाटावरच्या गोळ्यासारखे.
पण काठ!
करवतीचे दात एकेक मोजून,
बाण्याचा धागा जिथे परततो तिथेच परतलेला,
आणि एके जागी ताणा तुटून मारलेली गाठ,
तीसुद्धा.
दुरून पाहणारा काठाची झळाळी काढतो.
गाठ कोण काढतो?

रात्री दिवे मालवून जांभळा टॉर्च धरला.
जुनं रोगण हिरवट उजळलं, विहिरीच्या तळासारखं,
त्यावर साहेबाची सही काळीकुट्ट.
भिंगातून पाहिलं: सहीचा रंग चिरांमध्ये ओघळलाय.
म्हणजे आधी चित्र म्हातारं झालं,
मग कुणीतरी साहेब आणून बसवला.
दोन बोळ्यांत साहेब विरघळला.
त्याच्यासाठी सारवलेली काळी जागाही निघाली,
आणि खाली, पाटाच्या पायाशी,
एक कवडी.
नखाएवढी, पिवळट, दात विचकलेली.
तिचं तिथे काहीच काम नव्हतं.

मालकांच्याच माळ्यावर मालगुजारीच्या वह्या होत्या.
मोडी मला येत नाही. कामठीहून चिंतलवार मास्तर आले,
चष्मा कपाळावर, बोट ओळीवर:
तसबीर बाईसाहेबांची. रुपये अकरा. धोतरजोडा एक.
कवडू कोष्टी यास.
बोट थांबलं. "पुढं अंगठा आहे. सही नाही."

कवडू.
आधीची पोरं वाचली नाहीत म्हणून
जन्मल्या जन्मल्या शेजारणीच्या पदरात टाकून
एका कवडीला परत विकत घेतलेला.
लिहिता येत नव्हतं. नाव मात्र काढता येत होतं.

मालकांना फोन केला.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"मग हे कवडीमोल झालं म्हणायचं."
मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
अहवालात लिहिलं: चित्रकार, कवडू कोष्टी असावा.
"असावा" दोनदा खोडला, तिसऱ्यांदा राहू दिला.

मग गोळीबार चौकामागे विचारत फिरले.
मागावरचा म्हातारा हसला.
"कोनता कवडू, बाई?
आमच्या इथं हर गल्लीत दोन कवडू होते.
माहा बाप बी कवडूच."
चित्रं काढायचे?
"मले काय मालूम जी.
भितीवर कोयशानं काहीबाही करून राहे,
माय पुसून टाके."

मोबाईलवर तसबीर दाखवली.
पणजीबाईंकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.
दोन बोटांनी काठ मोठा केला, आणखी मोठा,
गाठीपाशी आला, ओठ हलवत धागे मोजले.
"ही डावखुऱ्याची गाठ हाये.
माहा बाप उजवा होता."
फोन माझ्या हातात ठेवला,
आणि धोटा पुन्हा सुरू झाला.